चौदा तासांचा काळोख

बाबा एकतीस वर्षं दिव्यांच्या खात्यात होते.
शिडीच्या गाडीवर उभं राहून
शिवडीपासून नायगावपर्यंत
गेलेले दिवे त्यांनी परत आणले.
काळोख हा आमच्या घरात
तक्रारवहीतला शब्द होता:
अमुक खांब, तमुक गल्ली, काळोख, तारीख, सही.

आणि आता रोज संध्याकाळी सहाला
ते मिक्सरचा रिकामा खोका घेऊन खिडकीशी जातात
आणि कलांचोची कुंडी झाकतात,
पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकावं तशी.

झाड परेराबाईंनी दिलेलं, मागच्या नाताळात,
फुलांनी गच्च. फुलं गेली ती गेलीच.
पानं मात्र जाड, चकचकीत, दातेरी,
पोटात पाणी साठवून ढिम्म,
पेन्शनचा कागद वरच्या टेबलावर अडकल्यासारखी.
बाबांनी शेणखत घातलं, केळ्याची सालं घातली,
दक्षिणेच्या खिडकीतून पश्चिमेच्या खिडकीत नेलं.
शेवटी परेराबाईच म्हणाल्या, "अहो मोरेश्वर,
ऊन पुरतंय त्याला. रात्र पुरत नाही."

चौदा तास सलग काळोख, सहा आठवडे.
मध्येच कुणी दिवा लावला
तर ती रात्र झाड हिशोबात धरत नाही.
बाबा हसले नाहीत. खिडकीबाहेर पाहिलं.
तिथे त्यांचाच खांब,
नंबर अजून पाठ. दिवा मात्र नवा, पांढरा,
रात्रभर आमच्या ओट्यावर मीठ सांडणारा.

खोक्यात रात्र मिळाली, पण उबट मिळाली.
नोव्हेंबर सरला तरी इथल्या भिंती
रात्री दोनलाही कणकण असल्यासारख्या लागतात,
आणि उकाड्यात कळी म्हणे येता येता थबकते.
बाबांनी कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं,
थर्मामीटर टांगला, वही काढली:
सव्वीस. सव्वीस. साडेपंचवीस. सव्वीस.
तेच अक्षर. शेवटी सहीसुद्धा.

एका रात्री कुंडी गायब.
सापडली जिन्याखाली, मीटरच्या खोलीत,
गार फरशीवर,
आणि बावीस मीटरांच्या बावीस लाल ठिपक्यांवर
काळी चिकटपट्टी.
सोसायटीत बोभाटा झाला. सेक्रेटरी केणी म्हणाले,
"तुम्ही? खात्यातले असून?"
बाबा मुकाट पट्ट्या सोलत राहिले,
एकेक, नखाने.
घरी आल्यावर मी विचारलं, तर एवढंच:
"लाल उजेड त्याला सगळ्यात जास्त जागवतो."

माझी लॅबमध्ये रात्रपाळी.
सकाळी येते, पडदे ओढते, डोळ्यांवर ओढणी,
तरी दुपार कुठून कुठून आत येते.
कधी वाटतं विचारावं,
बाबा, आणखी एक खोका आहे का,
जरा मोठा.

जानेवारीत तीन रात्री उत्तरेचं वारं आलं.
थर्मामीटर सतरावर.
बाबा स्वेटर, कानटोपी घालून खिडकीत,
कुंडी पोटाशी, खोक्यासकट,
पाहुणा आलाय, बघ तरी, म्हणत असल्यासारखे.
परेराबाई वरून ओरडल्या, सर्दी होईल.
कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत शेंड्यावर
मोहरीएवढं काहीतरी दिसलं.
बाबांनी चष्मा पुसून पाहिलं, मग माझा चष्मा घेऊन पाहिलं.
वहीत त्या दिवशी आकडा नाही.

मार्च लागता लागता एक फूल उघडलं, एकच,
चार पाकळ्या, पिवळट नारिंगी,
सोडियमच्या जुन्या दिव्यांचा रंग,
ज्यांच्या खाली मी सायकल शिकले.
मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील.

बाबांनी मान तिरकी केली,
शिडीवरून उतरल्यावर करायचे तशी,
दोन पावलं मागे सरकले
आणि म्हणाले,
"व्होल्टेज कमी आहे जरा. पण लागलाय."